घडवलं एकानं, नेलं दुसऱ्यानं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय फुटबॉलचा आहे, पण आपल्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकेतला फुटबॉल. लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि पायांपेक्षा हातांचं काम जास्त. नियम माहीत नसले तरी काही अडणार नाही. गोष्ट खेळापेक्षा व्यवहाराची आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला ती लगेच कळेल.

मी बरीच वर्षं पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात, अल्टूना या जुन्या रेल्वेच्या गावाजवळ राहतो. इथून जवळच लोरेटो नावाचं छोटंसं गाव आहे. तिथं सेंट फ्रान्सिस विद्यापीठ आहे, १८४७ साली फ्रान्सिस्कन पंथाच्या लोकांनी सुरू केलेलं. विद्यापीठ लहान, मैदान लहान. पण खेळात ते अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे 'डिव्हिजन वन'मध्ये होतं. बड्या विद्यापीठांच्याच गटात हेही नाव, याचा इथल्या लोकांना केवढा अभिमान!

मार्च २०२५ मध्ये या विद्यापीठानं जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन वन सोडतो आणि थेट डिव्हिजन थ्रीमध्ये जातो. डिव्हिजन थ्री म्हणजे जिथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे. गंमत म्हणजे, त्याच्या आठवडाभर आधी त्यांचा बास्केटबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आला होता. म्हणजे संघ हरत होते म्हणून माघार घेतली, असंही नाही. कारणं देताना त्यांनी दोन गोष्टींची नावं घेतली. एक, खेळाडूंना आता मिळू लागलेला पैसा. दुसरी, 'ट्रान्सफर पोर्टल', म्हणजे खेळाडूनं एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाण्याची व्यवस्था.

आमच्या ऑफिसातला एकजण तिथला माजी विद्यार्थी आहे. बातमी आली त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "पोरं आम्ही वाढवायची आणि दुसऱ्यांनी न्यायची. किती दिवस करायचं?"

मला एकदम आमच्या गावचे वस्ताद आठवले. गावच्या तालमीत दहा-बारा वर्षांचं पोरगं यायचं, वस्ताद त्याला लाल मातीत घोळवायचे, आणि पोरगं अंगानं भरलं की कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत जायचं. वस्तादांना वाईट वाटायचं, पण अडवलं कधी नाही. पोराचं भलं व्हावं हे त्यांनाही हवंच होतं. आज जो प्रश्न मांडायचाय तो हाच आहे. पोरानं जावं की नाही, हा प्रश्नच नाही. जावंच. पण ज्यानं घडवलं त्याचं काय?

याची मुळं सव्वाशे वर्षं मागं जातात, तिथून सुरुवात करतो.

१८९० च्या दशकात कॉलेज फुटबॉलला धड नियमच नव्हते. कोण विद्यार्थी, कोण भाडोत्री, कुणी विचारत नव्हतं. या काळातला सगळ्यात गाजलेला किस्सा फील्डिंग योस्टचा. हा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकत होता आणि तिथल्या संघातून खेळत होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये, हंगाम ऐन मध्यावर असताना, तो अचानक लाफायेत कॉलेजचा 'विद्यार्थी' झाला. लाफायेतचा सामना होता बलाढ्य पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाशी, जो संघ बराच काळ कुणाकडून हरलाच नव्हता. लाफायेतनं तो सामना ६-४ असा जिंकला. आणि योस्टसाहेब? काही दिवसांत परत वेस्ट व्हर्जिनियात! पदवीही तिथूनच घेतली. पुढे हाच योस्ट मिशिगनचा नामवंत प्रशिक्षक झाला.

असे फिरते खेळाडू तेव्हा ठिकठिकाणी होते. त्यात खेळही जीवघेणा होता. १९०५ च्या सुमाराला मैदानावर इतके जीव जात होते की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. त्यातून १९०६ साली एक देशव्यापी संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचं नाव एनसीएए. त्याच सुमाराला मध्य-पश्चिमेतल्या बड्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्सनं नियम केला की नव्या ठिकाणी गेलास तर आधी एक वर्ष तिथं राहून शिकायचं, मगच खेळायचं. योस्टसारख्यांच्या उड्या थांबवायला हा नियम आला होता. पुढे वेगवेगळ्या रूपांत तो जवळजवळ शंभर वर्षं टिकला. मैदानाबाहेर बसायचं हे वर्ष म्हणजेच सगळ्या गोष्टीचा खुंटा.

नियमाचा हेतू बरा होता, पण हळूहळू तो एकाच बाजूला कलला. १९५६ साली एनसीएएनं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला परवानगी दिली. १९७३ पासून ही शिष्यवृत्ती चार वर्षांची न राहता दरवर्षी नव्यानं द्यायची झाली. म्हणजे विद्यापीठाला वाटलं तर वर्षाअखेरी पोराला नारळ देता येत होता. पण पोराला वाटलं म्हणून निघता येत नव्हतं. निघाला तर एक वर्ष बाहेर बसायचं. पुढे तर जुन्या विद्यापीठानं परवानगी दिली नाही तर नव्या ठिकाणी शिष्यवृत्तीही अडायची. आणि प्रशिक्षक? तो आज इथं आणि उद्या दुप्पट पगारावर तिथं. त्याला एक दिवससुद्धा बसावं लागत नव्हतं. पोराला "मी तुझ्या बापासारखा" म्हणून घरून घेऊन यायचं आणि वर्षभरात आपणच निघून जायचं, असं कितीतरी वेळा झालं.

हे अन्यायाचंच होतं. ते मोडलं याचं मला दुःख नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर कमेंटमध्ये "तुम्ही खेळाडूंच्या विरोधात" असं येईल.

पण एक गोष्ट लोक विसरतात. त्या अन्यायी नियमाच्या आडोशाला छोट्या विद्यापीठांचं बरं चाललं होतं.

ते असं. १९७८ साली डिव्हिजन वनच्या फुटबॉलचे दोन भाग झाले. वरचा बड्यांचा, खालचा छोट्यांचा. वरच्या भागात एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलं की वर्षभर बाहेर. पण वरून खालच्या भागात उतरलं तर साधारणपणे लगेच खेळता यायचं. त्यामुळे बड्या संघात संधी न मिळालेली किंवा तिथं बिनसलेली चांगली पोरं खाली यायची. रँडी मॉस हे त्यातलं मोठं नाव. १९९६ साली तो मार्शल विद्यापीठाकडून खेळला, मार्शल तेव्हा खालच्या भागात होतं, आणि त्याच वर्षी त्यांनी विजेतेपद जिंकलं. जो फ्लॅको पिट्सबर्ग सोडून डेलावेअरला गेला आणि २००७ साली त्यानं डेलावेअरला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. पुढे हाच फ्लॅको सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

जोडीला शिष्यवृत्त्यांवर मर्यादा होती. १९७३ साली एका संघाला जास्तीत जास्त १०५ शिष्यवृत्त्या अशी अट आली, ती पुढे ९५ वर आणि १९९० च्या दशकात ८५ वर आली. बड्यांनी शंभर-दीडशे पोरं नुसती कोंडून ठेवायची सोय संपली. उरलेली पोरं छोट्यांच्या वाट्याला आली, आणि छोट्यांचे संघ भरले. १ सप्टेंबर २००७ ला खालच्या भागातल्या ॲपालाचियन स्टेटनं मिशिगनला त्यांच्याच लाखभर प्रेक्षकांसमोर ३४-३२ असं हरवलं. छोट्या संघाला पैसे देऊन बोलवायचं, आरामात हरवायचं आणि हंगामाची सुरुवात गोड करायची, हा बड्यांचा जुना रिवाज. त्या दिवशी त्यांनी हार विकत घेतली. तेव्हा मी इथं नवखा होतो, खेळ कळतही नव्हता, पण टीव्हीसमोर ऑफिसातली माणसं उड्या मारत होती ते आठवतं.

म्हणजे पाणी तेव्हा वरून खाली वाहत होतं. आता ते खालून वर चढवलं जातंय. हा बदल कसा झाला ते बघू.

१५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. दिसायला साधी गोष्ट, एक यादी. खेळाडूनं सांगायचं की मला जायचंय, विद्यापीठानं दोन दिवसांत त्याचं नाव त्या यादीत टाकायचं, आणि मग कुणीही त्याच्याशी बोलावं. परवानगीची भानगड संपली. एप्रिल २०२१ मध्ये फुटबॉलपटूंनाही एकदा मैदानाबाहेर न बसता बदली करायची मुभा मिळाली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली. कागदावर ती जाहिरातीसाठी होती. प्रत्यक्षात बड्या विद्यापीठांच्या श्रीमंत चाहत्यांनी गट केले, पैसे गोळा केले आणि खेळाडू ओढायला वापरले. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रीय न्यायालयानं दुसऱ्या-तिसऱ्या बदलीवरची आडकाठीही रोखली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएनं नियमच बदलला. अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा जा. योस्ट आज असता तर त्याला दोन दिवसांचा 'विद्यार्थी' व्हायचं सोंगही करावं लागलं नसतं!

शेवटचा घाव जून २०२५ चा. न्यायालयानं एक मोठी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि इथून पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली. तिच्या जागी संघात जास्तीत जास्त १०५ जण ही अट आली, आणि हवं तर सगळ्यांना शिष्यवृत्ती द्या. ८५ वर आणलेला आकडा फिरून परत १०५!

दोन कोटी डॉलर. बड्यांना टीव्हीच्या करारातून मिळणाऱ्या पैशात हे बसतं. छोट्यांच्या अख्ख्या खेळ विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रकसुद्धा कित्येक ठिकाणी एवढं नसतं. शिवाय भरपाईचा काही भाग एनसीएए सगळ्यांना वाटते त्या रकमेतून कापला जाणार आहे. म्हणजे ज्यांनी टीव्हीचा मलिदा कधी खाल्लाच नाही, त्यांच्याही ताटातून घास जाणार. छोट्या कॉन्फरन्सनी तक्रार केली, पण खटल्यात मुख्य पक्षकार दोनच. एकीकडे खेळाडू, दुसरीकडे एनसीएए आणि बड्या कॉन्फरन्स. लोरेटोचं तिथं कुणीच नव्हतं.

आता माणसांच्या गोष्टी सांगतो, म्हणजे हिशेब नीट कळेल.

२०२२ च्या शरदात मी मुलाला घेऊन सेंट फ्रान्सिसचा एक सामना बघायला गेलो होतो. डोंगरावरची थंडी, लाल-पिवळी झाडं, लाकडी बाकं. शेजारी बसलेल्या आजीबाईंना प्रत्येक पोराचं नाव ठाऊक. त्या वर्षी सेंट फ्रान्सिसनं आपली कॉन्फरन्स जिंकली आणि ते राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत पोचले. त्या संघात इलायजा सॅरॅट नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा होता. काम काय, तर लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा. बड्यांपैकी कुणी त्याला आधी विचारलं नव्हतं. सेंट फ्रान्सिसनं विचारलं.

२०२३ साली तो व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात गेला. तो हंगाम संपतासंपता तिथले प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठात गेले. त्यांच्यामागोमाग जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू इंडियानाला गेले, त्यात सॅरॅटही. इंडियाना हा बड्यांच्या पंक्तीतला, पण तोवर वर्षानुवर्षं मार खाणारा संघ होता. २०२३ साली त्यांनी १२ पैकी ३ सामने जिंकले होते. २०२४ साली त्यांनी ११ जिंकले आणि राष्ट्रीय प्लेऑफ गाठलं. सगळ्या देशानं कौतुक केलं, आणि कौतुकासारखंच होतं ते. मीही टाळ्या वाजवल्या. पण टीव्हीवर कुणी लोरेटोचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि जेम्स मॅडिसन तरी कुठं धुतल्या तांदळासारखं? त्यांनी सॅरॅट नेला तो सेंट फ्रान्सिसकडूनच. प्रत्येकजण आपल्या खालच्याकडून घेतो आणि वरचा आपल्याकडून घेतो तेव्हा ओरडतो. फक्त सगळ्यात खालच्या पायरीवरच्याला घ्यायला खाली कुणीच उरत नाही.

दुसरी गोष्ट टेक्सासमधल्या कॅम वॉर्डची. शाळेचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर देणारा, त्यामुळे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून याची हुशारी कुणाच्या नजरेत आलीच नाही. सॅन अँटोनिओतल्या इन्कार्नेट वर्ड विद्यापीठानं त्याला हेरलं. या विद्यापीठानं फुटबॉल सुरू केला तोच मुळी २००९ साली. तिथं तो तयार झाला. मग प्रशिक्षक वॉशिंग्टन स्टेटला गेले, २०२२ साली वॉर्ड त्यांच्यामागं गेला. तिथून २०२४ साली मायामीला. आणि २०२५ च्या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं ते कॅम वॉर्डचं. सगळ्या देशात पहिला! ज्यांनी पहिल्यांदा हेरलं, त्यांच्या हाती काय राहिलं? आमचा होता हो, एवढं सांगायला.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉर्ड गेल्यावर इन्कार्नेट वर्ड रडत बसलं नाही. त्यांनी पोर्टलमधूनच लिंडसे स्कॉट ज्युनियर हा क्वार्टरबॅक आणला. चार-पाच ठिकाणी फिरून आलेला, कुठंच नीट न रुजलेला. २०२२ साली तो खालच्या भागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेव्हा पोर्टल फक्त ओरबाडतं असं नाही, देतंही. ज्याला कुणी संधी दिली नाही त्याला दुसरी, तिसरी संधी देतं. पण त्या यशानंतर काय झालं? तिथले नवे प्रशिक्षकही मोठ्या ठिकाणी गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरी गोष्ट मार्शलची, वर रँडी मॉसच्या वेळी ज्याचं नाव आलं तेच मार्शल. १४ नोव्हेंबर १९७० ला या संघाचं विमान पडलं. खेळाडू, प्रशिक्षक, गावातली मंडळी, विमानातले सगळे ७५ जण गेले. पुढच्याच वर्षी पहिल्या वर्षाची कोवळी पोरं घेऊन मार्शल पुन्हा मैदानात उतरलं. या गावाचा संघ म्हणजे नुसता संघ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्शलनं आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकलं. लगेच प्रशिक्षक दुसरीकडे गेले, दोन डझनांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये गेले, आणि हंगामाअखेरीच्या इंडिपेंडन्स बोल सामन्यातून मार्शलला माघार घ्यावी लागली. खेळायला पुरेशी माणसंच उरली नव्हती. विजेतेपद मिळवल्यावर आठवड्याभरात! जे गाव विमान पडूनही उभं राहिलं, त्याला या वेळी संघ उभा करता आला नाही.

आता एक जुना दाखला देतो, कारण त्याशिवाय ही चर्चा अर्धी राहील.

दक्षिणेतल्या बड्या विद्यापीठांची दारं कितीतरी दशकं कृष्णवर्णीय पोरांना बंद होती. ही पोरं जायची कृष्णवर्णीयांसाठीच उभ्या राहिलेल्या कॉलेजांत. ग्रँबलिंगला एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ एवढा काळ प्रशिक्षण दिलं, ४०८ सामने जिंकले, आणि दोनशेहून जास्त पोरं व्यावसायिक लीगमध्ये पाठवली. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा. मग भेदाभेदाच्या भिंती पडू लागल्या. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचा मिश्र संघ अलाबामाला त्यांच्याच राज्यात ४२-२१ हरवून गेला, आणि त्यानंतर दक्षिणेतल्या बड्यांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याचा वेग वाढवला. दारं उघडली हे न्यायाचंच झालं, त्यात दुमत असूच शकत नाही. पण ज्या कॉलेजांनी दारं बंद असताना ही पोरं सांभाळली, त्यांच्या हातून हळूहळू गुणवत्ता निसटत गेली. त्यांना कुणी काही दिलं नाही. साधं आभारसुद्धा नाही.

याच जॅक्सन स्टेटमध्ये २०२० साली डीऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले. पुढच्या वर्षी देशातला सर्वोत्तम समजला जाणारा शाळकरी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर बड्यांना नकार देऊन जॅक्सन स्टेटला आला. लोकांना वाटलं, चक्र उलटं फिरलं. डिसेंबर २०२२ मध्ये सँडर्स कोलोरॅडोला गेले. मुलगा शेडूर गेला, हंटर गेला. २०२४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हंटरला मिळाला कोलोरॅडोच्या जर्सीत. त्याच डिसेंबरात जॅक्सन स्टेटनं आपल्याच एका माजी खेळाडूच्या हाताखाली सेलिब्रेशन बोल जिंकला. छोटी माणसं चिवट असतात, मोडत नाहीत लगेच. पण चिवट आहेत म्हणून त्यांच्यावरच दरवेळी भार टाकायचा का?

म्हणून मला असं दिसतं. १८९० च्या मोकाटपणात, १९७० नंतरच्या खुल्या दारांत आणि आजच्या पोर्टलमध्ये एक गोष्ट सारखी आहे. खेळाडूला वाट मोकळी झाली की फायदा वरचा घेतो आणि किंमत खालचा मोजतो. दरवेळी आपण वाद घालतो तो "खेळाडूला मोकळं सोडावं का?" यावर. त्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालंय, हो. खरा प्रश्न पैशाच्या वाटेचा आहे, आणि तो कुणी विचारतच नाही.

उपाय नाही असंही नाही. आपला गोल चेंडूचा फुटबॉल बघा. जागतिक संघटना फिफाचा २००१ पासून नियम आहे की खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतला ५ टक्के वाटा तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांना जातो. बार्सिलोना किंवा माद्रिदनं कोट्यवधी मोजले की कुठल्यातरी खेड्यातल्या क्लबच्या मैदानाला कुंपण होतं. खेळाडू अडत नाही, आणि घडवणाराही उपाशी मरत नाही.

आणि अमेरिकेत हा विचार परका आहे असं कुणी म्हणू नये. प्रशिक्षक करार मोडून गेला की जुन्या विद्यापीठाला ठरलेली रक्कम मिळते, सहसा नवं विद्यापीठच ती भरतं. म्हणजे सिग्नेटींसारखा माणूस गेला की भरपाई, आणि त्यांच्यासोबत १३ पोरं गेली की शून्य! आता काही बडी विद्यापीठं खेळाडूंच्या करारातही अशी कलमं घालू लागलीत. पण ती त्यांनी स्वतःसाठी घातलीत, आणि त्यात खेळाडूचेच पाय अडकायची भीती आहे. लोरेटोकडे असा करार करायला पैसाच नाही.

माझ्या मते हा वाटा खेळाडूच्या खिशातून किंवा त्याच्या पायात बेडी घालून घेऊ नये. बड्या कॉन्फरन्सच्या टीव्हीच्या पैशातून एक सामायिक निधी काढावा. पोरगं खालून वर गेलं की ज्यानं त्याला दोन वर्षं शिकवलं, खाऊ घातलं, दुखापतीत सांभाळलं, त्या विद्यापीठाला त्या निधीतून ठरलेली रक्कम जावी. रक्कम किती, हे ठरवायला त्यांच्याकडे हुशार वकील भरपूर आहेत. गेली सात-आठ वर्षं तेच तर काम चाललंय.

हे केलं नाही तर काय होईल? जे लोरेटोत झालं तेच. छोटे म्हणतील, आम्हाला या खेळात राहायचंच नाही. त्यांनी खालच्या गटात जाणं हे काही मरण नाही. डिव्हिजन थ्रीतही पोरं जीव तोडून खेळतात, शिकतात, आणि आजीबाई नावं पाठ करतात. पण ज्या पोराला बड्यांनी विचारलं नाही आणि ज्याच्या घरी फी भरायला पैसे नाहीत, त्याला शिष्यवृत्ती देणारं एक दार बंद झालं. उद्याचा सॅरॅट कुठल्या दारात जाणार? आणि बड्यांनाही कळेल एक दिवस, की तयार पीक कापून न्यायचं असेल तर कुणीतरी पेरावं लागतं.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात पैलवानाचं नाव पुकारतात तेव्हा सोबत वस्तादाचं नाव घेतात. अमक्याचा पठ्ठा म्हणून. वस्तादाला त्यातून पैसे मिळत नाहीत, पण सगळ्या मैदानाला कळतं की हा आकाशातून पडलेला नाही. इथं पैसाही नाही आणि नावही नाही.

परवा त्या सहकाऱ्याला विचारलं, येत्या हंगामात सामन्याला जाणार का? म्हणाला, "जाणार की. आमचंच आहे ते." मीही जाईन म्हणतो. मुलगा आता मोठा झालाय, येईल की नाही ठाऊक नाही. त्या आजीबाई असल्या तर त्यांच्या शेजारी बसेन आणि या वेळी नावं नीट लिहून घेईन. कारण यातलं एखादं पोर पुढं कुठंतरी मोठं झालं, तर ते मूळचं कुठलं हे सांगायला कुणीतरी असायला हवं.

तुमच्या गावच्या तालमीतून, क्लबमधून, शाळेतून असं कुणी पुढं गेलं असेल, तर त्याचं आणि त्याला घडवणाऱ्याचं नाव कमेंटमध्ये लिहा. दोन्ही नावं लिहा.